रेकानातीची पाटी आणि मिरजेची जवारी

शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मी इटलीतल्या रेकानाती गावातल्या एका भिंतीचा फोटो टाकला आणि तेव्हापासून माझा मिरजकरांशी वाद चालू आहे. भिंतीवर कवी जाकोमो लेओपार्दीच्या ओळींची पाटी होती. तासाभरात एकीने लिहिले, 'याला म्हणतात संस्कृती! आपल्या मिरजेत काय आहे, दवाखाने आणि जंक्शन.' दुसरीने लगेच री ओढली, की आपल्या लोकांची लायकीच नाही. माझाच फोटो माझ्याच गावाविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला, याचा राग अजून गेलेला नाही.

ज्या कवीच्या नावावर रेकानाती आज मिरवते, त्याला हे गाव मुळीच सहन होत नव्हते, हे या मैत्रिणींना कोण सांगणार? तो जन्मला 1798 मध्ये. 1819 मध्ये, म्हणजे अनंतावरची ती पंधरा ओळींची कविता ज्या वर्षी लिहिली त्याच वर्षी, त्याने घरातून पळून जाण्याचा बेत आखला आणि वडिलांनी तो हाणून पाडला. पुढे दहा वर्षांनी एका कवितेत त्याने आपल्या जन्मगावाला चक्क रानटी म्हटले, 1830 मध्ये ते कायमचे सोडले आणि 1837 मध्ये नेपल्सला देह ठेवला. आता चौकाला त्याचे नाव आहे, चौकात त्याचा पुतळा आहे, आणि टेकडीवर सहलीच्या मुलांना रांगेत उभे करून तीच कविता म्हणवून घेतात. गायक बेन्यामिनो जिली मात्र खरोखर गावाचा राहिला. जोडे शिवणाऱ्याचा हा मुलगा कॅथेड्रलच्या गायकवृंदातून थेट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरापर्यंत पोहोचला आणि 1957 मध्ये पुरला गेला तो रेकानातीतच. पण फोटो काढतात ते कवीच्या पाटीचे.

आणि आमचे अब्दुल करीम खाँ? ते तर उत्तरेतल्या कैराण्याचे. मिरजेत आले, मिरजेचेच झाले, आणि 1937 मध्ये दूर दक्षिणेत प्रवासात गेले तरी त्यांना मातीसाठी मीरासाहेबांच्या दर्ग्यातच आणले. इटलीतला कवी स्वतःच्या गावातून पळाला आणि परक्या मुलखातला गवई आमच्या गावात राहिला, हा मुद्दा मी ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात मांडला. फेब्रुवारीत रेकानातीच्या त्याच गल्लीत संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसते आणि तिथली तरुण मुले बोलोन्याला निघून जातात, हेही ऐकवले. उरुसात रात्रभर चालणाऱ्या गाण्याला दर्ग्यात किती गर्दी असते, हे सांगायला अर्थातच विसरले नाही.

रेकानातीजवळच्या कास्तेलफिदार्दोत 1863 पासून अकॉर्डियन बनतात. तिथल्या एका कारखान्यात मी एका वृद्ध कारागिराला अकॉर्डियनच्या सूर देणाऱ्या पोलादी पट्टीवर कानस फिरवताना पाहिले. टोकाकडे घासले की सूर चढतो आणि बुडाशी घासले की उतरतो. दोन वेळा घासायचे, फुंकर द्यायची, मान तिरकी करून ऐकायचे, पुन्हा घासायचे. पाऊण तास मी तिथून हलले नाही. शेवटी त्याने विचारले, तुमच्याकडे असे काही असते का? मी अभिमानाने तंबोऱ्याच्या जवारीबद्दल बोलू लागले. घोडी घासतात, तारेखाली दोरा सरकवतात, मग सूर उमलतो, एवढे सांगून झाले आणि पुढे मला काही येईना.

कारण सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होती आणि अठरा वर्षांत मी तिथल्या एकाही दुकानाची पायरी चढले नव्हते. दर्ग्यातल्या गाण्याला एकदाच गेले, तेही आईच्या मांडीवर झोपून. मला मिरजेतून सुटायचे होते. सोजोर्नोच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणासाठी क्वेस्तुरात, म्हणजे पोलीस कचेरीत, रांगेत उभी असताना जन्मस्थानाच्या रकान्यात मिरज लिहिते, तेव्हा मात्र अक्षर मुद्दाम सुबक काढते.

ग्रुपवरचे माझे लांबलचक उत्तर मी अखेर काढून टाकले आणि मामेभावाला सांगितले की एकदा गल्लीत जा आणि जवारी काढतानाचा आवाज टिपून पाठव. चाळीस सेकंदांची फीत आली. निम्म्याहून अधिक रिक्षाचा हॉर्न आहे. मधेच कानस थांबते आणि कारागीर विचारतो, "कुणासाठी पायजे?" माझा भाऊ म्हणतो, "एक बाहेरच्या पाहुण्या हाईत, त्यांना ऐकायचंय."