होमगार्डचा इतिहास आपण नाशिककरांनीच लिहायला हवा

२०२७चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय. घाट, रस्ते, साधुग्राम, सगळ्यावर बोललं जातंय. पर्वणीच्या पहाटे गर्दीपुढे दोर धरून जे खाकीत उभे असतील त्यांच्यावर मात्र कुणी बोलत नाही. त्यातले सगळे पोलीस नसतात, बरेच होमगार्ड असतात. एरवी कुणी रिक्षा चालवतो, कुणी अंबडच्या कंपनीत कामाला, कुणी निफाडच्या द्राक्षबागेत. लोक त्यांना 'हाफ पोलीस' म्हणतात, ते मला फार लागतं.

६ डिसेंबर १९४६ला, दंगलींच्या दिवसांत, मुंबई प्रांतात हे दल उभं राहिलं. मोरारजी देसाई पहिले महासमादेशक, म्हणजे दलाचे प्रमुख. पुढच्याच वर्षी कायदा झाला. आपला जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता, म्हणजे ही आपल्या मुलखातली गोष्ट. १९६२च्या चीन युद्धानंतर केंद्राने राज्याराज्यांतली अशी स्वयंसेवी दलं एकसारखी करायला घेतली आणि मुंबईचं हे रोपटं देशभर गेलं. ब्रीद ठरलं, निष्काम सेवा.

या ब्रीदाचा अर्थ आपण फुकट सेवा असा लावला, हे मला मुळीच पटत नाही. होमगार्डला पगार नाही, बंदोबस्त लागला तरच त्या दिवसाचा भत्ता. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याची मागणी मानली नाही, पण भत्ता पोलिसाच्या किमान पगाराच्या हिशेबाने द्या असं सांगितलं. महाराष्ट्रात तो ५७० रुपयांवरून १०८३ व्हायला २०२४ उजाडलं. नऊ वर्षं! निवडणूक, गणपती, पूर, कशालाही पहिली हाक यांनाच जाते.

२७ ऑगस्ट २००३. सरदार चौकाजवळच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली, तिसाहून जास्त भाविक गेले. त्या सिंहस्थात ड्युटी केलेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. गर्दी कुठे तुंबते, उतारावर रेटा कसा येतो, हे त्यांना पायांनी माहीत आहे. नियोजनाच्या बैठकीत त्यांना बोलवा.

आणि त्यांच्या घरच्यांना माझी विनंती आहे. जुनी नियुक्तीपत्रं, ओळखपत्रं, परेडचे फोटो रद्दीत घालू नका. फोटोमागे नावं, तालुका, साल लिहून ठेवा. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४०पासूनचं आहे, या कागदांना तिथे एक कपाट मिळावं. मागणीचा अर्ज मी लिहितोय. ज्यांच्या घरात कुणी होमगार्ड होतं, त्यांनी सहीला यावं.