मेथकुटाच्या वासाची वाइन: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

मागच्या लेखात मी माळ्यावर दोन वर्षं पडून राहिलेल्या बाटलीची गोष्ट लिहिली होती, त्यावर तुम्ही चांगलंच खडसावलंत. तुमचे आक्षेप तीन. तपकिरी पडलेल्या व्हाइट वाइनला मी ‘गेलेली’ म्हणते आणि तितक्याच तपकिरी शेरीचं, म्हणजे स्पेनच्या स्पिरिट घातलेल्या वाइनचं, कौतुक करते, हा दुटप्पीपणा. वाइनला मेथीचा वास येतो ही निव्वळ कल्पना, ‘इंदुरात राहून तुझ्या नाकात मसाले बसलेत’. आणि ऑक्सिडेशन (हवेतल्या ऑक्सिजननं वाइन बदलणं) व आंबून व्हिनेगर होणं यांची मी गल्लत केली.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. हवा लागली की वाइनचं व्हिनेगर होतं, असं मी बिनदिक्कत लिहून टाकलं होतं. नुसत्या हवेनं तसं होत नाही. त्याला ॲसिटिक आम्ल करणारे जिवाणू लागतात. हवा लागते ती त्यांना. त्याचा वास नाकाला झोंबतो, कधी कधी नेलपॉलिशसारखा येतो. माझ्या बाटलीत यातलं काहीच नव्हतं. ते वाक्य आजच दुरुस्त करते.

मेथी मात्र सोडणार नाही.

बाटली नाशिकची शेनिन ब्लाँ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन, भाच्यानं आणलेली. आमचा माळा गच्चीच्या पत्र्याला लागून. इंदूरचा मे महिना तिनं तिथे दोनदा काढला. दिवाळीला बूच काढून ओतली तर ग्लासात सरळ कोरा चहा. आधी आपटलेल्या सफरचंदाचा वास आला, त्याच्यामागून मेथीदाण्याचा. आमची मावशी वाइनला शिवत नाही, पण ग्लास नाकाशी नेऊन म्हणाली, ‘मेथकुटाचा डबा उघडा राहिलाय का गं?’ तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

मेथीदाण्याच्या वासामागे सोटोलॉन नावाचा पदार्थ असतो. हवा लागून म्हाताऱ्या झालेल्या व्हाइट वाइनमध्ये हाच पदार्थ तयार होतो. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असला तरी नाक त्याला ओळखतं. सफरचंदाचा वास ॲसिटाल्डिहाइडचा. ऑक्सिजन अल्कोहोलवर सरळ तुटून पडत नाही. वाइनमध्ये लोह आणि तांबं अगदी किंचित असतं, त्यांच्या मदतीनं तो आधी द्राक्षातून आलेल्या फिनॉल गटातल्या द्रव्यांना गाठतो. त्यातून क्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. पेरॉक्साइड लोहाच्याच साथीनं अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करतं आणि क्विनोनांपासून पुढे तपकिरी रंग चढतो. हे क्विनोन फळांचा वास देणाऱ्या काही गंधकयुक्त द्रव्यांनाही धरतात. म्हणून सॉव्हिन्यों ब्लाँ या दुसऱ्या व्हाइट वाइनमधला पेरूचा, पपनसाचा वास रंग बदलायच्या आधीच गायब होतो. जिभेला काय कळतं? फळ गेलेलं, मधला भाग पोकळ, शेवट कडवट.

वाइनरीवाले यावर पहारा म्हणून सल्फर डायऑक्साइड घालतात. ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी हिशोब सांगते. वाइनमध्ये २० अंशांना हवा पुरेपूर मिसळली तर लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, आणि १ मिलिग्रॅम ऑक्सिजन ढोबळमानानं ४ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड खातो. म्हणजे तिशीच्या आसपास मिलिग्रॅम फस्त. बऱ्याच बाटल्यांत मोकळा, म्हणजे दुसऱ्या द्रव्यांना न चिकटलेला, सल्फर डायऑक्साइड असतो तोच तेवढा. वर आमच्या माळ्याची उष्णता, जी ही सगळी रसायनं पळवत नेते.

आता दुटप्पीपणा. ज्या कोऱ्या चहाशी मी रंग जुळवला, तो चहासुद्धा पान चुरगाळून, हवा लावूनच काळा केलेला असतो. त्याला कुणी बिघडलेला म्हणत नाही. पण हिरवा चहा तसा काळा पडून आला तर दुकानदाराला परत करू. ओलोरोसो शेरी अशीच ठरवून केलेली. तिच्यात स्पिरिट घालून अल्कोहोल १७ टक्क्यांच्या पुढे नेतात, म्हणजे पिंपातल्या वाइनवर धरणारी यीस्टची साय टिकत नाही, आणि ती पिंपात वर्षानुवर्षं हवेशी मुरते. अक्रोडाचा वास, बदामी ते गडद तपकिरी रंग. फिनो शेरीवर मात्र ती साय राखतात. ती हवेला अडवते, म्हणून फिनो फिकट राहते. फ्रान्सच्या ज्युरा भागातली पिवळी वाइन, व्हँ जोन, अशाच सायीखाली पिंपात सहा वर्षं तीन महिने ठेवतात आणि ६२ सेंटिलिटरच्या खास बाटलीत भरतात. तिच्यातही सोटोलॉन असतं. तिथे मेथी गुण, माझ्या बाटलीत दोष. कारण शेनिन करणाऱ्यानं मला ताजं फळ द्यायचं ठरवलं होतं.

लुई पाश्चर याच ज्युरातला. त्याच्या १८६६च्या वाइनवरच्या पुस्तकात काचेच्या नळ्यांचे प्रयोग आहेत: काठोकाठ भरून बंद केलेली वाइन फारशी बदलत नाही, हवा ठेवलेली बदलते. तुमच्या प्रतिक्रियेतलं ‘जुनी तितकी चांगली’ हे थोड्या, संथ हवेबद्दल खरं, आणि मुख्यतः रेडबद्दल. रेडच्या तुरट द्रव्यांना ती हवा पेलते. तुरटपणा मवाळ होतो, कडेचा जांभळा रंग विटकरी होतो. तिलाही हद्द आहेच.

तुम्ही लिहिलंय की मुलानं आणलेली दहा वर्षांची व्हाइट कपाटात ‘मुरते आहे’. काका, रागावू नका, पण आपल्याकडे कपाट म्हणजे माळ्याचाच धाकटा भाऊ. या रविवारी उघडा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघा, मग वास घ्या. बरी निघाली तर उरलेली लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवा. मेथी आली तर मला कळवा, आणि नाही आली तरी कळवा. तेही इथेच छापेन.