थ्रिलरची पहिली दोन मिनिटं: ‘एक जुना प्रेक्षक’ यांना उत्तर

नमस्कार. तुम्ही ‘एक जुना प्रेक्षक’ एवढीच सही केली आहे, तेव्हा मीही त्याच नावाने तुमच्याशी बोलते. माझ्या विद्यार्थ्यांनी केलेल्या थ्रिलरच्या सुरुवातीवर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देते. थ्रिलर कोष्टकं भरून शिकता येत नाही, अशा ‘संशोधना’ने मुलांची कल्पकता मरते, हिचकॉकने कुठे प्रश्नावल्या वाटल्या होत्या? या दोन मिनिटांत काहीच घडत नाही, एक मुलगी घरी येते आणि केटलला हात लावते, बस्स. ज्याला पुढे चित्रपटच नाही त्याची सुरुवात कशाला करायची? शीर्षक येताना दिवा जातो तो प्रकार स्वस्त वाटला. उदाहरणं सगळी परदेशी. आणि जाता जाता एक टोला: ‘आमची पिढी बाबूराव अर्नाळकरांवर वाढली, आम्हाला कुणी जॉनर (चित्रपटाचा प्रकार) शिकवला नव्हता.’

आधी हे काम काय आहे ते सांगते. मी इंग्लंडमधल्या एका कॉलेजात 16-17 वर्षांच्या मुलांना मीडिया स्टडीज शिकवते. ओसीआर या इथल्या परीक्षा मंडळाच्या जुन्या एएस (ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाच्या) अभ्यासक्रमात हे काम होतं, केंब्रिज इंटरनॅशनलच्या अभ्यासक्रमात ते अजून आहे: एका नव्या काल्पनिक चित्रपटाची श्रेयनामावलीसकट सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटं. दृश्यं आणि आवाज मुलांचे स्वतःचे हवेत. संगीत बाहेरून घ्यायचंच तर कॉपीराइटमुक्त. जॉनरची सक्ती नाही, तरी गटांमागून गट थ्रिलरच निवडतात. कारण फार उदात्त नाही. विनोदी करायचं तर अभिनय यावा लागतो, विज्ञानकथेला पैसे लागतात. थ्रिलरला रिकामं घर आणि एक संध्याकाळ पुरते, अशी त्यांची समजूत.

प्रश्नावल्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. ‘तुम्हाला थ्रिलरमध्ये काय आवडतं?’ असं मित्रांना विचारायचं, त्यांनी ‘सस्पेन्स’ आणि ‘शेवटचा ट्विस्ट’ असं उत्तर द्यायचं, आणि मग त्याचा रंगीत वर्तुळालेख काढायचा. यातून आजवर एकाही गटाला एकही फ्रेम सुचलेली मी पाहिली नाही. प्रेक्षक कोण हे सांगावं लागतं म्हणून मुलं ते उरकतात, मी उरकू देते. पण तुम्ही त्या वर्तुळालेखाबरोबर सगळा अभ्यासच मोडीत काढलात, तिथे माझं तुमचं पटत नाही.

कल्पकता मरते म्हणता ना? मग ती जिवंत असते तेव्हा कशी दिसते ते ऐका. काहीही दाखवायच्या आधी, काहीही शिकवायच्या आधी, मी मुलांना पहिली सुचेल ती कल्पना लिहायला सांगते. तुमच्या हिशेबाने हा सगळ्यात मोकळा क्षण. त्यातून येतं काय? जंगल. हूडीतला चेहरा न दिसणारा माणूस. पळणारी मुलगी, ती अडखळून पडते, सुरा चमकतो, पडदा काळा, शीर्षक. दर वर्षी येतं, दर तुकडीत येतं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली मुलं हुबेहूब तीच फ्रेम काढतात.

नामावलीचंही तेच. थरथरणारी, ओरखडे उठलेली अक्षरं सगळ्यांना हवी असतात. एडिटिंगच्या ॲपमध्ये त्याचं तयार टेम्प्लेट मिळतं. ही अक्षरं आली कुठून, हे विचारलं की वर्ग गप्प. ती आली 1995 च्या ‘सेव्हन’मधून. काइल कूपरने ती नामावली केली तेव्हा अक्षरं हाताने खरवडून काढली होती, आणि त्यामागे नेमका हिशेब होता. खुनी त्या चित्रपटात फार उशिरा समोर येतो. म्हणून अगदी सुरुवातीला त्याचे हात दाखवून ठेवले: वह्या शिवणारे, ब्लेडने स्वतःच्या बोटांची कातडी तासणारे. माणूस दिसत नाही, पण तो कुठेतरी बसून काम करतो आहे हे कळतं. अक्षरांवरचे ओरखडे त्या हातांचे आहेत. आज सतरा वर्षांचा मुलगा तेच ओरखडे एका क्लिकवर लावतो, तेव्हा ते कुणाच्याच हातचे नसतात. अभ्यास न केलेली मुलंही नक्कल करतातच; कुणाची करतो आहोत एवढंच त्यांना माहीत नसतं. माझा सगळा आटापिटा ते माहीत व्हावं यासाठी आहे.

(सुऱ्याचं म्हणाल तर तो तसाही बाद होतो. इंग्लंडात सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी खोटं पिस्तूल बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, आणि सुरा पाहून कुणी पोलिसांना फोन केला तर कॅमेरा दाखवून समजूत घालत बसावं लागतं. शिवाय डिसेंबरात इथे चारच्या सुमारास अंधार पडतो. साध्या कॅमेऱ्यावर आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, चढवला की ते जंगल म्हणजे नुसते काळ्यात नाचणारे दाणे. किती हूडी या दाण्यांत गडप झाल्या म्हणून सांगू!)

आता अर्नाळकर. झुंजार आणि काळा पहाड तुम्ही किती वाचले असतील? अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि तुमच्या पिढीने त्या फडशा पाडाव्या तशा वाचल्या. दहाव्या पानावर आलेला तो फार सभ्य गृहस्थ संशयास्पद आहे हे तुम्हाला विसाव्या पुस्तकानंतर कुणी सांगावं लागलं नसेल. कथेचे सांधे कुठे असतात, कुठे फसवलं जातं, कुठे थांबवलं जातं, हे तुमच्या अंगात वाचून वाचून मुरलं. माझ्या विद्यार्थ्यांच्या अंगात ते नाही. त्यांनी थ्रिलर पाहिलेत ते फोनवर, तुकड्यातुकड्यांनी, बरेचदा नुसता शेवट. तुम्हाला दहा-पंधरा वर्षांच्या वाचनाने आपोआप मिळालं ते मला एका सत्रात त्यांच्यापुढे ठेवायचं असतं. कोष्टक त्यासाठी.

आणि हिचकॉक. त्याने प्रश्नावल्या वाटल्या नाहीत हे खरं. पण चित्रपटात तो शिरला कुठून? 1919 च्या सुमारास, लंडनच्या इस्लिंग्टन स्टुडिओत मूकपटांच्या अक्षरपाट्या रंगवायच्या कामावर. म्हणजे प्रेक्षकाला कुठली गोष्ट कधी आणि किती शब्दांत सांगायची, या कामापासूनच त्याची सुरुवात झाली. 1924 मध्ये तो बर्लिनजवळच्या स्टुडिओत कामाला गेला, तिथे शेजारी जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ चित्रीकरण करत होता, आणि हा ते बघत राहिला. पुढे आयुष्यभर त्याने त्या दिवसांचं ऋण मान्य केलं. ‘सायको’ची सुरुवात आठवा. शहरावरून सरकणारा कॅमेरा, पडद्यावर लिहून येतं: फिनिक्स, अ‍ॅरिझोना; शुक्रवार, 11 डिसेंबर; दुपारचे 2 वाजून 43 मिनिटं. मग एका हॉटेलची खिडकी, अर्धवट ओढलेला पडदा, आत एक जोडपं. तुमच्या मापाने इथेही काहीच घडत नाही. पण ते 2.43 कशाला? हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत कारण सांगितलं होतं: त्या बिचारीला प्रियकराला भेटायला एवढीच वेळ मिळते, जेवणाची अख्खी सुट्टी तिने त्यात घालवली आहे, हे त्यातून कळतं. वेळ, पैसा आणि चोरटेपणा, तिन्ही गोष्टी एका पाटीत. पुढे ती चाळीस हजार डॉलर घेऊन पळते तेव्हा आपल्याला फारसं आश्चर्य वाटत नाही. 1960 मध्ये त्याने थिएटरवाल्यांना चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायची बंदी घातली होती. सुरुवात चुकलेला प्रेक्षक त्याला नको होता.

आमच्या कोष्टकात ‘अंधार, पाऊस, सुरा’ अशा खुणा करायच्या असतात असं तुम्हाला वाटलेलं दिसतं. तसं नाही. दोन रकाने असतात: प्रेक्षकाला काय माहीत आहे, आणि पडद्यावरच्या माणसाला काय माहीत आहे. शॉट बदलला की दोन्ही भरायचे. एकदा आवाज बंद करून बघायचं, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायचं.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा मी दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’वर पाहिला आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. पहिला शॉट तीन मिनिटांहून लांब, मध्ये एकही कट नाही. एक हात टाइमबॉम्बची वेळ लावतो, बॉम्ब गाडीच्या डिक्कीत ठेवतो. एक पुरुष आणि एक बाई येऊन गाडीत बसतात, गाडी सरहद्दीच्या गावातून निघते. बाजूने एक नवविवाहित जोडपं पायी चाललं आहे. कधी गाडी पुढे, कधी जोडपं पुढे, कधी बकऱ्या आडव्या. नाक्यावर गाडीतली बाई तक्रार करते की तिच्या डोक्यात टिकटिक होते आहे, पण पहारेकरी लक्ष देत नाही. प्रेक्षकाचा रकाना पहिल्या काही सेकंदांत भरतो, बाकी सगळ्यांचा शेवटपर्यंत रिकामा.

आता गंमत अशी की या एकाच शॉटची दोन रूपं आहेत. 1958 मध्ये स्टुडिओने त्यावर नामावली छापली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत घातलं. स्टुडिओची आवृत्ती पाहून वेल्सने 58 पानांचं टिपण लिहिलं होतं, ते तेव्हा बाजूला पडलं. त्या टिपणाच्या आधाराने वॉल्टर मर्चने 1998 मध्ये चित्रपट पुन्हा संकलित केला, तेव्हा सुरुवातीवरची नामावली आणि ते संगीत दोन्ही काढलं. उरले ते गावातले आवाज: प्रत्येक क्लबच्या दारातून येणारं वेगळं गाणं, आणि त्या गाडीतला रेडिओ. मुलं पडद्याकडे पाठ करून ही दुसरी आवृत्ती ऐकतात तेव्हा रेडिओ जवळ आला की कुणीतरी हमखास मान वळवतं. गाडी फ्रेममध्ये नसतानाही बॉम्ब कुठे आहे ते कानाला कळत राहतं. मॅन्सिनीचं संगीत उत्तम आहे, मला ते फार आवडतंही, पण ते असताना हा रेडिओ बुजतो. नामावली तर आमच्या कामात सक्तीची. मग ती चित्रावर टाकायची की मध्येमध्ये काळ्या पडद्यावर, आणि चित्रावर टाकली तर नजर कुठून काढून घेतो आहोत, यावर वर्गात खरी भांडणं होतात. अशी भांडणं मला प्रश्नावलीवरून झालेली आठवत नाहीत.

परदेशीच उदाहरणं का, असं विचारलंत. विजय आनंदच्या ‘तीसरी मंजिल’ची सुरुवातही मी दाखवते: रात्री भरधाव येणारी गाडी, जिन्यावरून वर धावणारी मुलगी, आणि मग वरून कोसळणं. वर काय झालं ते दाखवलेलंच नाही. वर्गात हिंदी कुणाला येत नाही आणि त्यावाचून काही अडत नाही. नंतरचा किती तरी भाग हा नाचगाण्यांचा खेळकर चित्रपट आहे, पण तो मृतदेह आपण पाहून बसलेलो असतो.

आता तुमच्या ‘काहीच घडत नाही’कडे येते. या गटाचीही पहिली कल्पना जंगल आणि हूडीच होती. ती सुटली एका कंटाळवाण्या सरावामुळे. ओसीआरच्या जुन्या अभ्यासक्रमात एक पूर्वतयारीचं काम असायचं: एक पात्र दार उघडतं, खोली ओलांडतं, दुसऱ्या पात्रासमोर खुर्चीत बसतं आणि दोघं एखाद-दुसरं वाक्य बोलतात. हालचाल एका शॉटमधून दुसऱ्यात नीट जुळली पाहिजे, दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा (180 अंशांची रेषा) कॅमेऱ्याने ओलांडायची नाही. आम्ही ते अजून करून घेतो. एकदा दुसरं पात्र करणारा मुलगा आलाच नाही, तरी मुलीने दार उघडून रिकाम्या खुर्चीपर्यंत चालून दाखवलं. संकलन करताना तो तुकडा पाहून गटातली एक जण म्हणाली, ‘ही खुर्ची अशी का दिसते, जणू आत्ताच कुणी उठून गेलंय?’ जंगल तिथेच संपलं.

मग केटल. घरी कुणी नाही असं मुलीचं गृहीत. ती फोनवर आईशी बोलत आत येते, आई अजून ऑफिसात आहे हे आपल्याला ऐकू येतं. ती केटलला हात लावते आणि झटकन मागे घेते. उष्णता कॅमेऱ्यात येत नाही, हा प्रश्न त्यांना बरेच दिवस पुरला. वाफ दाखवली तर आपल्याला तिच्याआधी कळतं; नुसता हात झटकला तर दोघांना एकदमच. दोन रकाने पुढ्यात ठेवून त्यांनी दुसरं निवडलं. मी असते तर वाफ घेतली असती. आवाजाच्या तळाशी जी घुमणारी घरघर आहे ती त्यांच्याच फ्रिजची, फोनवर मुद्रित करून मंद केलेली. म्हणजे घडतं ते असं: घरात दुसरं कुणीतरी आहे किंवा नुकतंच होतं, आणि त्याने चहाचं पाणी ठेवलं होतं. घुसखोर चहा का करेल? मला हा प्रश्न सुऱ्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. तुम्हाला करत नसेल तर तो रुचीचा भाग झाला, त्यावर मी वाद घालणार नाही.

पुढे चित्रपट नाही तर सुरुवात कशाला, याचं उत्तर साधं आहे. पूर्ण लघुपट करायला सांगितला की मुलं सगळा जीव शेवटच्या धक्क्यावर लावतात. शेवटच काढून घेतला की दडवायचं काय आणि दाखवायचं काय, एवढंच हातात उरतं. तरी पुढची गोष्ट त्यांना पानभर लिहून ठेवावी लागते, कारण केटल कुणी लावली हे माहीत नसलेला दिग्दर्शक ती नीट लपवूही शकत नाही.

राहिला दिवा. शीर्षक येताना तो जातो, ते मलाही नको होतं आणि मी तसं सांगितलंही. तुमची प्रतिक्रिया वर्गात वाचून दाखवली तेव्हा गटात दोन तट पडले: दोघी तुमच्या बाजूने, दोघं म्हणतात दिव्याशिवाय शीर्षक पडद्यावर नुसतं येऊन बसतं. काम जमा करायची तारीख अजून यायची आहे. तोपर्यंत दिवा राहतो की जातो ते त्यांचं ते ठरवतील. अंतिम आवृत्ती झाली की तुम्हाला इथेच कळवते.