‘युद्धं कमी झाली’ म्हणजे नेमकं काय कमी झालं?

‘युद्धं कमी झाली’ असं म्हणणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं, यातलं निम्मं तरी खरं आहे. दोन देशांमधली युद्धं ओसरत चालली आहेत हे माझं म्हणणं म्हणजे युक्रेनकडे पाठ करून केलेली आकडेमोड, असं तुम्ही लिहिलंत. आणि १९१४च्या, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधीही शहाणीसुरती माणसं हेच बोलत होती, हा टोलाही हाणलात.

तो टोला आधी घेतो, कारण तिथं मी चुकलोच. १९४५नंतर महासत्ता एकमेकींशी भिडल्या नाहीत, असं मी बिनधास्त लिहून गेलो. (कोरियात अमेरिकी आणि चिनी सैनिक १९५३पर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडत होते, हे लिहिताना कुठं गेलं होतं कोण जाणे.) शिवाय मोठी युद्धं मुळातच विरळ असतात, त्यामुळे सत्तर-ऐंशी वर्षांची शांतता हा निव्वळ योगायोगही असू शकतो. संगणकशास्त्रज्ञ आरन क्लॉसेट यांनी १८२३ ते २००३ या काळातली युद्धं तपासून २०१८मध्ये नेमकं हेच दाखवलं: ही शांतता आणखी शंभरेक वर्षं तरी टिकली, तरच तिला खरा बदल म्हणता येईल. तेव्हा युद्धं घटण्याचा ‘कल’ आहे, यातला ‘कल’ हा माझा शब्द मागे घेतो.

पण युक्रेनमुळे माझा सगळा मुद्दाच निकालात निघाला, हे मान्य नाही. आपण मोजतोय काय, यावर बरंच अवलंबून आहे. अभ्यासकांची एक रूढ पद्धत अशी, की लढाईत हजार माणसं मेली तर ते युद्ध. या मापानं रशियानं २०१४मध्ये क्रिमिया घेतला ते युद्धच नव्हे. जवळपास रक्त न सांडता अख्खा द्वीपकल्प गेला. उलट बाजूला इथिओपिया आणि इरिट्रिया. बाडमे या गावावरून १९९८मध्ये जुंपली, दोन वर्षांत हजारो सैनिक मेले. २००२मध्ये सीमा आयोगानं गाव इरिट्रियाला दिलं, तरी इथिओपियानं पुढची कित्येक वर्षं ते सोडलं नाही. एकीकडे जमीन गेली पण प्रेतं नाहीत, दुसरीकडे प्रेतांचे ढीग आणि सीमारेषा फारशी हललीच नाही. दोन्ही एकाच तागडीत कशी तोलायची? वैद्यकीय मदत सुधारली आणि पूर्वी दगावले असते असे जखमी आता वाचतात, म्हणूनही मृतांचा आकडा उतरतो. लढाई तेवढीच भीषण असते.

‘युनो म्हणजे बिनदातांचा वाघ’ हे तुमचं वाक्य. असेल. पण सनदेनं बळाच्या वापरावर बंदी घातल्यापासून कुणी रीतसर युद्ध पुकारायला सहसा धजत नाही. अमेरिकेनं शेवटची रीतसर घोषणा केली ती १९४२मध्ये. म्हणून घोषित युद्धं मोजणाऱ्याला जग फारच शांत दिसेल.

माझ्या मते खरोखर घटलंय ते एकच, अख्खा देश गिळण्याचं धाडस. इराकनं ऑगस्ट १९९०मध्ये कुवेत आपला एकोणिसावा प्रांत म्हणून जाहीर केला आणि सात महिन्यांच्या आत त्याला तिथून हुसकावलं गेलं. लचके तोडणं मात्र चालूच आहे. १९९९मध्ये कारगिलची शिखरं बळकावण्याचा प्रयत्न झाला तो दोन्हीकडे अण्वस्त्रं असताना, त्यामुळे ‘बॉम्ब आहे म्हणून शांतता आहे’ हेही अर्धंच खरं.

आणि २०२२चा प्रयत्न अख्ख्या देशाचाच होता, हे तुम्ही म्हणालच. रशियाच्या फौजा युक्रेनच्या राजधानीच्या, कीव्हच्या वेशीपर्यंत गेल्या होत्या. ते जमलं नाही तेव्हा चार प्रांतांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. युनोच्या आमसभेत १४३ देशांनी ती नाकारणाऱ्या ठरावाच्या बाजूनं मत दिलं, ठरावाच्या विरोधात फक्त पाच. पण कुवेतसाठी निघालं तसं सैन्य इथं निघालं नाही. हल्लेखोराकडे सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार आणि अण्वस्त्रं दोन्ही असतील तर त्याला हुसकावणार कोण, याचं उत्तर माझ्या लेखात नव्हतं आणि आजही माझ्याकडे नाही.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदलतोय. ‘युद्धं कमी झाली’च्या जागी ‘पूर्ण देश जिंकून घेण्याचे प्रयत्न विरळ झाले’ एवढंच ठेवतो. यावरही तुमची हरकत असेल तर जरूर लिहा, फक्त १९१४ पुन्हा नको. तो मुद्दा तुम्ही जिंकलात.