मोबिलिटी स्कूटर म्हणजे ॲक्टिव्हा नव्हे: फिरत असलेल्या मेसेजला उत्तर

गेला महिनाभर साताऱ्यातल्या ग्रुपांवर मोबिलिटी स्कूटरबद्दल, म्हणजे चालायला जड जाणाऱ्यांच्या तीन-चार चाकांच्या बॅटरीवरच्या गाडीबद्दल, एक मेसेज फिरतोय. ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर आला, गल्लीच्या ग्रुपवर आला. माझ्याकडे बॅटरीच्या आणि व्हीलचेअरच्या कामाला येणाऱ्यांनीही तो मला पाठवून विचारलं, "हे खरंय का?" मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मोबिलिटी स्कूटर म्हणजे छोटी ॲक्टिव्हाच, जिला ती येते तिला ही येते. उतारावर न्यूट्रल करून बॅटरी वाचवा. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. लायसन लागत नाही, कुठेही चालवा. नातवंडाला पुढ्यात घ्या. पाऊस लागला तरी चालतं, मळली तर पाइप मारा. पायरीला फळी टाका. आणि शेवटी, काठी-वॉकर माळ्यावर टाका.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. गुडघे गेलेलं किंवा अर्धांगवायूतून उठलेलं माणूस कुणाला हाक न मारता स्वतः देवळापर्यंत जाऊन येतं, तेव्हा त्या घराचं काय होतं हे मी जवळून पाहिलंय. म्हणूनच हा मेसेज थांबायला हवा. त्यातला बहुतेक सल्ला पेट्रोलच्या गाडीच्या सवयीतून आलाय, आणि ह्या स्कूटरचा ब्रेक काय, बॅटरी काय, दोन्ही त्या सवयीच्या नेमकं उलट वागतात.

"ॲक्टिव्हा येते त्याला ही येतेच"

समर्थ मंदिराजवळच्या एका काकूंनी नवी स्कूटर बघून पहिला प्रश्न विचारला, "हिला ब्रेक कुठाय रं?" प्रश्न अगदी बरोबर होता. बहुतेक मोबिलिटी स्कूटरना हाताने दाबायचा ब्रेक नसतोच. हँडलखाली बोटांनी दाबायची एक लिव्हर असते. साधारणपणे उजवी बाजू दाबली की पुढे, डावी दाबली की मागे. सोडली की गाडी थांबते. म्हणजे सोडणं हाच ब्रेक.

आता ज्याने तीस वर्षं दुचाकी चालवली, त्याच्या आडवं कुत्रं आलं की तो काय करेल? मूठ आवळेल. दुचाकीवर आवळलेल्या मुठीत ब्रेक असतो, इथे आवळलेल्या मुठीत वेग असतो. घाबरलेला हात विचार करत नाही, जुनीच सवय वापरतो. त्यामुळे ज्याला गाडी येते त्याला ही शिकायला जास्त वेळ द्यावा लागतो, कमी नाही. अंगणात किंवा सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये वेगाचं बटण कासवाच्या चित्राकडे पूर्ण वळवायचं, आणि घरातल्या कुणीतरी मध्येच "थांबा!" म्हणायचं. हात आपोआप उघडेपर्यंत हे रोज करायचं. सशाच्या चित्राकडचा जास्त वेग राहू द्या, त्याची घाई नाही. आणि चालत्या गाडीत चावी काढायची नाही. ब्रेक एकदम लागतो, माणूस हँडलवर आपटतो.

"उतारावर न्यूट्रल करा, बॅटरी वाचते"

मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य आहे, आणि ते साताऱ्यात वाचलं जातंय ही जास्त काळजीची गोष्ट. आपलं गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतरत बसलंय. बोगद्याकडून समर्थ मंदिर, तिथून राजवाडा, पुढे पोवई नाका, सगळा उतार. माची पेठेतल्या बोळात तर सपाट जागा शोधावी लागते.

आतलं यंत्र असं असतं. मोटरच्या टोकाला एक ब्रेकची चकती, आणि तिला स्प्रिंगने कायम दाबून धरलेलं. लिव्हर दाबली की कॉइलमध्ये करंट जातो, लोहचुंबक तयार होतो, तो स्प्रिंगचा जोर ओढून घेतो आणि चकती मोकळी होते. लिव्हर सोडली, वायर तुटली, बॅटरी संपली, काहीही झालं तरी करंट बंद म्हणजे स्प्रिंग पुन्हा दाबते आणि चाक जाम होतं. माणसाच्या हातात जोर नसला तरी गाडी चढावर उभी राहते ती यामुळे. फार विचार करून केलेली रचना आहे.

मागच्या चाकाजवळ एक छोटी दांडी असते, बहुतेक वेळा लाल किंवा पिवळी. हीच ती 'न्यूट्रल'. बंद पडलेली गाडी ढकलून न्यायला ती दिलेली आहे. ती ओढली की चकती मोकळी होते आणि बसलेल्या माणसाकडे ब्रेक उरत नाही. लिव्हर सोडा, चावी फिरवा, काही उपयोग नाही. बॅटरीसकट पन्नास-साठ किलोची गाडी, वर सत्तर किलोचं माणूस, आणि समोर राजवाड्याकडे जाणारा उतार. पायाने थांबवायला गेलं तर पाय मोडेल.

बरं, बॅटरी तरी वाचते का? तीही नाही. उतारावर चाकच मोटरला फिरवतं, मोटर जनरेटरसारखी वागते आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरचा करंट सांभाळणारा सर्किटचा डबा, त्या जोरावर गाडीचा वेग धरून ठेवतो. बहुतेक स्कूटरमध्ये थोडा करंट उलट बॅटरीत जातो. म्हणजे दांडी न ओढता सावकाश उतरण्यातच फायदा आहे.

दांडीला हात कधी लावायचा? गाडी सपाटीवर असताना, वर कुणी बसलेलं नसताना, आणि ढकलणारा माणूस गाडी धरून उभा असताना. काम झालं की लगेच परत खटका बसेपर्यंत लावायची. घरातल्या पोरांना ही दांडी दाखवून ठेवा आणि तिच्याशी खेळायचं नाही हे बजावून सांगा. उतारावर सरळ रेषेत जायचं, आडवं किंवा नागमोडी नाही. चढताना अंग पुढे, उतरताना पाठ सीटला टेकलेली. वळणापूर्वीच वेग कमी करायचा. तीनचाकी स्कूटर कमी जागेत वळते, पण वळताना लवकर कलंडते. बोळांच्या पेठेत राहणाऱ्यांना तीनचाकी सोयीची वाटते खरी, तरी चढउताराच्या भागासाठी मी चारचाकीच सांगतो.

"बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंग"

हा समज आला कुठून ते कळतं. जुन्या निकेल-कॅडमियम सेलना अर्धवट चार्ज केलं की त्यांची क्षमता घटते असं सांगायचे, आणि पहिल्या मोबाइलच्या काळात ते घराघरात पोचलं. मोबिलिटी स्कूटरमध्ये तो सेल नसतो. बहुतेकींमध्ये 12 व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात, जोडून 24 व्होल्ट.

लेड-ॲसिडला रिकामं राहणं सोसत नाही. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की शिशाच्या प्लेटवर सल्फेटचे खडे घट्ट होत जातात. तेवढा भाग कायमचा निकामी. मग वर्षभरात "बॅटरी बसली" म्हणून माणूस येतो. मीटर लावला की एकीवर 12.6 व्होल्ट दिसतात आणि दुसरीवर 10.5. म्हणजे दुसरीतला एक सेल गेला, कारण एका सेलचे साधारण दोन व्होल्ट धरायचे. तेव्हा एकच बदलून द्या असा आग्रह होतो. मी देत नाही. नवी आणि दमलेली एकत्र जोडली की चार्जरला दोघींमधला फरक कळत नाही, आणि दमलेली नवीलाही घेऊन बसते. जोडी जोडीनेच बदलायची.

म्हणून नियम मेसेजच्या उलटा: फिरून आलात की चार्जिंगला लावा, अगदी गल्लीच्या टोकापर्यंत गेला असलात तरी. चार्जरचा दिवा हिरवा होईपर्यंत ठेवा. लेड-ॲसिडला आठ-दहा तास लागतात, कारण शेवटचा टप्पा फार सावकाश भरतो. दोन तास लावून काढायची सवय लागली की बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि तिथेही तोच सल्फेट. चार्जर गाडीबरोबर आलेलाच हवा. इन्व्हर्टरच्या किंवा कारच्या चार्जरवर लावलेल्या सीलबंद बॅटऱ्या फुगून माझ्या टेबलावर येतात. त्यांच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचा प्रयत्नही कुणी करू नये, त्या उघडायच्या नसतात.

आजोबा दोन महिने पुण्याला मुलाकडे जाणार असतील तर निघताना पूर्ण चार्ज करा आणि शेजाऱ्यांना महिन्यातून एकदा लावायला सांगा. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये नको. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. लेड-ॲसिडच्या बाबतीत दर दहा अंशांच्या वाढीला आयुष्य निम्मं असा ढोबळ हिशोब धरतात.

लिथियमची गाडी असेल तर थोडं वेगळं. तिला महिनोन्‌महिने पूर्ण भरून ठेवू नये, अर्ध्याच्या आसपास ठेवावी. तिचा चार्जर तिचाच, लेडचा चालत नाही. आपटलेली, फुगलेली किंवा भिजलेली लिथियम बॅटरी घरात चार्ज करू नका. आणि कुठलीही बॅटरी असो, घराबाहेर पडायच्या एकमेव दारात गाडी रात्रभर चार्जिंगला लावू नका. आग लागली तर ज्याला चालता येत नाही तोच आत अडकतो.

"लायसन नाही, म्हणजे कुठेही चालवा"

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये बॅटरीवरच्या वाहनाला सूट आहे, पण अटींवर. मोटरची तीस मिनिटांची पॉवर (सलग अर्धा तास देऊ शकेल ती) 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, आणि हे पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तपासलेलं. मोबिलिटी स्कूटरचा वेग कमीच असतो, पण मोठ्या मॉडेलच्या मोटरा 250 वॅटच्या वर जातात. त्यामुळे दुकानदार "काही लागत नाही" म्हणाला की त्या मॉडेलचा कागद मागा. तोंडी उत्तरावर पैसे देऊ नका.

आणि समजा सूट आहे. तरी ताशी सहा-आठ किलोमीटरने चालणारी गाडी पोवई नाक्यावर एसटी आणि डंपरच्या मध्ये काय करणार? ब्रिटनमध्ये ह्या गाड्यांचे दोन वर्ग आहेत. ताशी 4 मैलांपर्यंतची फुटपाथवर चालते, आणि फुटपाथ नसेल तिथेच रस्त्यावर येते. 8 मैलांपर्यंतचीला रस्ता मोकळा आहे, पण दिवे, इंडिकेटर, हॉर्न लागतात आणि नोंदणीही लागते. लायसन तिथेही लागत नाही, पण कुठली गाडी कुठे चालेल हे ठरलेलं आहे.

आपल्याकडे फुटपाथवर टपऱ्या आणि गाड्या असतात हे खरं. मग रस्ता निवडणं आपल्या हातात राहतं. सदर बझारची आतली गल्ली सकाळी साडेसातला, हे चालण्यासारखं आहे. मोती चौक संध्याकाळी सहाला, हे नाही. बसलेल्या माणसाचं डोकं उभ्या माणसाच्या छातीइतकंच वर येतं, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीला ते दिसतच नाही. सीटमागे लांब काठीवर भगवा, लाल, कुठलाही झेंडा लावा. मागे रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा.

"नातवंडाला पुढ्यात घ्या"

नाही. एका माणसाची गाडी आहे. पोराचा हात लिव्हरवर पडला की गाडी निघालीच. वजनाची मर्यादा पुस्तिकेत असते, तिच्यात बास्केटमधली भाजीसुद्धा धरायची.

"पाऊस चालतो, पाइप मारा"

साताऱ्याचा जुलै ज्याला माहीत आहे त्याने हे लिहू नये. सीटखाली कंट्रोलर असतो, हँडलमध्ये वायरी आणि बटणं, आणि बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचं सॉकेटही हँडलवरच. पुस्तिकेत आयपीएक्स 4 लिहिलं असेल तर त्याचा अर्थ शिंतोडे सोसते एवढाच. पाइपची धार त्यात येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, कोरड्याने पुन्हा पुसा. अचानक पावसात सापडलात तर हँडलवर प्लास्टिकची पिशवी चढवा. भिजलीच तर घरी आल्यावर चावी बंद करून सावलीत वाळू द्या. ओल्या सॉकेटमध्ये चार्जर घालायचा नाही. रात्रभर थांबावं लागलं तरी थांबा.

"पायरीला फळी टाका"

हिशोब करू. दोन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे एक फूट उंची. चार फुटांची फळी टाकली तर उतार चौदा अंशांच्या पुढे जातो. लहान स्कूटरच्या पुस्तिकेत झेपणारा चढ साधारण सहा ते दहा अंश असतो. म्हणजे गाडी मागे उलटायची पूर्ण तयारी झाली. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतलं रॅम्पचं प्रमाण 1 ला 12 आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, तेव्हा उतार पाच अंशांच्या आत येतो. जुन्या वाड्याचं जोतं दोन फूट असेल तर चोवीस फूट, तेवढं अंगणच नसतं. अशा घरात गाडी खालीच, झाकून आणि साखळी लावून ठेवायची सोय आधी करा, मग गाडी घ्या. फळी सरकते आणि कडेला धरायला काही नसतं, हे तर वेगळंच.

"काठी-वॉकर माळ्यावर टाका"

गाडीपर्यंत जायचं कसं, आणि देवळाच्या दारात उतरल्यावर पुढे काय? माणसं गाडीवरून पडतात त्यापेक्षा गाडीत चढता-उतरता पडण्याची भीती मला जास्त वाटते. चावी आधी बंद करायची. सीट फिरणारी असेल तर आपल्याकडे वळवून खटका बसला का ते हलवून बघायचं. उठताना हँडलला लोंबकळायचं नाही, कारण चावी चालू राहिली असेल तर त्या ओढीत लिव्हर दाबली जाते. सीटच्या हातांना रेटा द्यायचा आणि काठी टेकवून उभं राहायचं. डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने जेवढं चालायला सांगितलंय तेवढं घरात चालायचंच, गाडी आली म्हणून ते सुटत नाही. काठी अडकवायची क्लिप सीटमागे बसवता येते. नसेल तर दोन जागी पट्ट्याने उभी बांधा, नुसती खोचलेली काठी मागच्या चाकात जाते.