‘भरवशाचा माणूस आहे, मग नोंदी कशाला?’ या दाव्याचा प्रतिवाद

लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हापुन्हा फिरताना दिसतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पंधरा-वीस संगणकांच्या कंपनीने आपल्या आयटी व्यवस्थेच्या नोंदी ठेवणे हा वेळेचा अपव्यय आहे, भरवशाचा माणूस असला की पुरते, आता सगळे क्लाउडवरच (इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर) असते, पासवर्ड लिहून ठेवणे धोक्याचे असते, आणि लिहिलेले लवकरच जुने होते. पुण्याजवळच्या भोसरी आणि चाकण परिसरातील छोट्या कारखान्यांची संगणक व्यवस्था सांभाळणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे या मजकुराला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

माणूस कितीही भरवशाचा असला तरी तो आजारी पडतो, गावी जातो, हिंजवडीच्या आयटी कंपनीत जास्त पगार मिळाला की नोकरी सोडतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. भोसरीतल्या एका कारखान्यात इंटरनेटवाल्याने जुना राउटर काढून नवा बसवला. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. जुन्या राउटरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत, नव्याचे १९२.१६८.० ने. संगणकांना नवे पत्ते आपोआप मिळाले, इंटरनेट सुरू झाले आणि तो निघून गेला. परंतु हजेरीचे थंब मशीन, बिलांचा प्रिंटर आणि टॅलीचा सर्व्हर यांना हाताने दिलेले पत्ते जुन्याच मालिकेतले राहिले आणि ही तिन्ही यंत्रे नेटवर्कवर दिसेनाशी झाली. माल टेम्पोत भरलेला, पण बिल निघेना. ही मांडणी ज्याने केली होती तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. कोणत्या यंत्राला कोणता पत्ता दिला आहे याचा साधा तक्ता सर्व्हरशेजारी लावलेला असता, तर नव्या राउटरला जुनीच मालिका देऊन काही मिनिटांत काम सुरू झाले असते. तो नसल्यामुळे एकेका यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरून पत्ते शोधण्यात दुपार गेली.

क्लाउडमुळे नोंदींची गरज कमी झाली, हे म्हणणे तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. यंत्र निदान डोळ्यांना दिसते; कोणते खाते कोणाच्या ईमेलवर उघडले आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो, हे लिहिल्याशिवाय कळत नाही. डोमेन, म्हणजे कंपनीचे इंटरनेटवरचे नाव, माजी कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलवर नोंदलेले असेल तर नूतनीकरणाच्या सूचना त्यालाच जातात, आणि मुदत संपली की वेबसाइटबरोबर कंपनीची मेलही बंद पडते. कंपन्यांच्या मेल आणि फायली क्लाउडवर ठेवणाऱ्या सेवांपैकी काढून टाकलेले खाते गूगल वर्कस्पेसमध्ये २० दिवसांपर्यंत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवसांपर्यंतच परत आणता येते. त्या खात्यात काय होते हे मुदत उलटल्यावर कळले, तर कळून उपयोग नसतो.

छोट्यांना याची गरज नाही, असे कायदाही मानत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेचे लॉग (यंत्रांवर काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना यातून सूट नव्हती, फक्त २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती. आपल्याकडे कोणती यंत्रे आहेत हेच ठाऊक नसलेल्या कंपनीने सहा तासांत काय कळवायचे?

पासवर्डचा आक्षेप गैरसमजातून येतो. पासवर्ड हे ते कुलूपबंद जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे पासवर्ड मॅनेजरमध्येच असावेत. नोंदवहीत ते कुठे आहेत आणि कोणाला उघडता येतात एवढेच लिहायचे असते.

लिहिलेले जुने होते, हा मुद्दा मात्र खरा आहे, आणि ऑडिटपुरत्या तयार केलेल्या जाडजूड फायली कुणी उघडत नाही हेही मी मान्य करतो. परंतु न तपासलेली समजूतही तितकीच जुनी होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रॅमर लोकांचा कोड ऑनलाइन साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला, तेव्हा नेहमीचे बॅकअप बंद पडलेले असून ते कुणाच्या लक्षातच आले नव्हते असे उघड झाले आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. तिथे हुशार माणसांची वाण नव्हती. म्हणून ‘बॅकअप सुरू आहे’ एवढी नोंद पुरेशी नाही. बॅकअपमधून फाइल परत काढून शेवटचे कधी पाहिले, ती तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव हवे. बाकी नोंदी ताज्या ठेवण्यासाठी मालकांनी एवढेच करावे, की एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) बिल मंजूर करताना त्या काळात झालेल्या बदलांची नोंद सोबत मागावी आणि ती आल्याशिवाय सही करू नये.