चार बोल्ट नव्हते, खरंय. पण ‘एका मेकॅनिकची चूक’ कुठून आली?

“अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दरवाजा हवेत उडाला, कारण एका मेकॅनिकने चार बोल्ट लावले नाहीत. त्याला आत टाका. पायलटने उड्डाणाआधी बघितलं नाही आणि कंपनी प्रेशरचा दिवा लागत असूनही विमान उडवत राहिली.” हा मेसेज आता आत्याकडूनही आला, म्हणून लिहितोय.

बोल्ट नव्हते, हे खरंच आहे. ५ जानेवारी २०२४ ला पोर्टलंडहून निघालेल्या बोइंग ७३७-९ चा डोअर प्लग गेला. जिथे जादा दरवाजा लागत नाही, ती जागा बंद करणारं हे झाकण बारा स्टॉप पॅडना टेकतं. आतला दाब त्याला बाहेर रेटतो, पॅड अडवतात. प्लग वर सरकला तरच पॅडमधून सुटतो, आणि त्याला वर सरकू न देणं एवढंच त्या चार बोल्टचं काम. ते नसताना विमानाची १५४ उड्डाणं झाली.

आता तो ‘एक मेकॅनिक’. विमानाचा सांगाडा अमेरिकेतल्या विचिटात स्पिरिट एअरोसिस्टिम्स या कंपनीने बनवला. तो रेंटनला बोइंगच्या कारखान्यात आला तेव्हा प्लगशेजारचे पाच रिवेट (धातूचे भाग जोडणारे खिळे) खराब निघाले. ते स्पिरिटच्या माणसांनी बदलले, पण त्यासाठी प्लग उघडावा लागला. काही उघडलं की त्याची नोंद करायची, असा बोइंगचाच नियम. त्या नोंदीवरूनच परत बसवायचं काम आणि क्वालिटीची तपासणी निघते. नोंदच झाली नाही, मग इन्स्पेक्टर येणार कशाला? वरून इन्सुलेशन आणि पॅनल बसलं, सगळं झाकलं गेलं. बोइंगच्या दरवाज्यांच्या टीममध्ये आधी प्लग उघडलेला माणूस एकच, आणि तो रजेवर.

अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने २०२५ मध्ये दोष ठेवला तो बोइंगच्या अपुऱ्या प्रशिक्षणावर, सूचनांवर आणि देखरेखीवर. सोबत एफएएच्या, म्हणजे तिथल्या सरकारी विमान-नियामकाच्या, ढिसाळ नियंत्रणावर. प्लग नेमका कुणी उघडला, हे तपासातही ठरलं नाही. मग आत टाकणार कुणाला? आणि टाकलंच, तर पुढच्या वेळी ‘मी उघडला’ असं कागदावर कोण लिहील?

पायलटचं म्हणाल तर बोल्ट पॅनलमागे असतात. बाहेरून चक्कर मारून ते दिसत नाहीत.

दिवा मात्र लागला होता, तोही तीनदा. अलास्का एअरलाइन्सने त्या विमानाच्या समुद्रावरच्या लांब फेऱ्या बंद केल्या, दुरुस्ती पुढे ढकलली. हे चांगलं नव्हतं, मान्य. पण तो दिवा केबिनमधला दाब आपोआप सांभाळणाऱ्या ऑटो कंट्रोलचा, आणि त्याला पर्यायी यंत्रणा असते. प्लगशी त्याचा संबंध निघाला नाही.